महिला संघ आशिया कपला परतला, मग नागपूरच्या मुलीनं फुटबॉल किती मनावर घ्यावं?

नागपूरच्या एका वडिलांनी विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी १२ वर्षांची, सातवीत. वस्तीतल्या मुलांबरोबर रोज संध्याकाळी फुटबॉल खेळते आणि बरी खेळते. जुलैत भारताच्या महिला संघानं थायलंडला हरवून आशिया कप गाठला, तो सामना तिनं पाहिला. तेव्हापासून "मला भारताकडून खेळायचंय" हा एकच धोशा. आई म्हणते, दहावीपर्यंत खेळू दे, मग बंद. काका म्हणतात, आता महिला फुटबॉलला दिवस आले, हिला पुण्या-मुंबईच्या अकादमीत टाका. या परतण्यानं खरंच काही बदललंय का, आणि आम्ही काय करावं?

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. संघ परत मोठ्या स्पर्धेत गेला म्हणून आपल्या मुलींसाठी काही बदललं का, हा एक. त्याचं उत्तर हो असं आहे, पण तो बदल सध्या वरच्या टोकाला दिसतोय. दुसरा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण खरा तोच आहे: १२ ते १६ या वयात नागपुरात राहून मुलीला सामने कुठून मिळणार? मी बरीच वर्षं इथं मुलींना फुटबॉल शिकवते. चांगल्या खेळणाऱ्या पोरी मैदान सोडतात त्या याच चार वर्षांत. अंगात खेळ नाही म्हणून सोडणाऱ्या थोड्या. सरावाला यायचं, पण खेळायचं कुठं आणि कुणाशी, याचं उत्तर न मिळाल्यामुळे सोडणाऱ्या जास्त.

तुमच्या मुलीला मी खेळताना पाहिलेलं नाही. तुम्ही शहराच्या कुठल्या भागात राहता, शाळेत मुलींचा संघ आहे का, तिची ने-आण कोण करेल, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. त्यामुळे "टाका अकादमीत" किंवा "नका टाकू" असं एका वाक्यात मी सांगणार नाही. मी कशी विचार करते ते सांगते, निर्णय तुम्ही घ्या.

आधी त्या सामन्याबद्दल. च्यांग माईच्या पात्रता फेरीत भारतानं मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तला ४-० आणि इराकला ५-० असं हरवलं. थायलंडनंही या तिघांना हरवलं होतं. ५ जुलै २०२५ ला दोघं समोरासमोर आले तेव्हा गुण सारखे, गोलफरकही सारखा, आणि गटातून पुढं जाणार एकच. थायलंड आपल्याच देशात खेळत होतं आणि २०१५ व २०१९ असे दोन विश्वचषक त्या संघानं पाहिले होते. संगीता बासफोरनं २९ व्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडनं बरोबरी साधली. ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. २-१.

मुलीला ते दोन गोल पाठ झाले असतील. मी माझ्या मुलींना मात्र त्या दोन गोलांच्या मधला भाग पुन्हा दाखवते. बरोबरी झाल्यानंतर परक्या मैदानावर, समोर घरचे प्रेक्षक, आणि पाऊण तासाच्या आत सगळ्या मोहिमेचा निकाल लागणार, अशा वेळी संघ विस्कटला नाही. घाईनं लांब लाथा मारत सुटला नाही. हे धैर्य फळ्यावर आकृत्या काढून येत नाही आणि नुसत्या शिबिरानंही येत नाही. अटीतटीचे सामने खेळून, त्यातले काही हरून येतं.

आपला महिला संघ मुळात लिंबूटिंबू नव्हताच. १९८० च्या सुरुवातीला कालिकतला झालेल्या महिलांच्या आशिया कपमध्ये आपण उपविजेते होतो, १९८३ ला बँकॉकमध्येही उपविजेतेच. मग उतरण लागली. २००३ नंतर मुख्य स्पर्धेत जागा मिळेना. परिस्थिती अशी झाली की दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे २००९ मध्ये फिफाच्या क्रमवारीतून आपल्या संघाचं नाव काढून टाकलं गेलं. खेळाडू होत्या, त्यांचं वय होतं, हौस होती, पण सामने नव्हते. २०२२ ला आपण यजमान होतो. मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात स्पर्धा झाली. इराणशी ०-० झाल्यावर संघात कोविड शिरला, चिनी तैपेईविरुद्ध, म्हणजे तैवानच्या संघाविरुद्ध, उतरायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि संघ स्पर्धेबाहेर गेला. आपल्याच महाराष्ट्रात हे झालं. म्हणून मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या आशिया कपमधली या संघाची जागा मला मोलाची वाटते: पात्रता फेरी खेळून, जिंकून मिळवलेली ही जागा आहे.

याहून मोठी बातमी वर्तमानपत्रांत आतल्या पानावर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या २० वर्षांखालील मुलींनी यंगूनला म्यानमारला १-० हरवून त्यांच्या वयोगटाचा आशिया कप गाठला, तोही वीस वर्षांनी. ऑक्टोबरमध्ये बिश्केकला १७ वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवून त्यांचा आशिया कप गाठला. एकाच वर्षात तिन्ही संघ. तुमच्या मुलीच्या दृष्टीनं यातला शेवटचा निकाल जास्त महत्त्वाचा आहे, कारण त्या मुली तिच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या आहेत. शिबिरं, निवड चाचण्या, परदेश दौरे हे आता त्या वयापर्यंत खाली आलं आहे. बदल झालाय असं मी म्हणते ते या अर्थानं.

पण काकांना एक गोष्ट जरूर सांगा. पुरुषांचा संघही असाच परतला होता. २००८ ला दिल्लीत एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि त्या जोरावर १९८४ नंतर पहिल्यांदा, २७ वर्षांनी, २०११ चा आशिया कप मिळाला. तेव्हा नागपुरातही पोट्टे छेत्रीच्या नावाचे टी-शर्ट घालून मैदानात यायचे. कतारमध्ये तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले आणि ३ केले. पुढच्या २०१५ च्या स्पर्धेला आपण नव्हतो. २०१९ ला थायलंडला ४-१ हरवून आशा जागवली, तरी गटातून पुढं गेलो नाही. २०२३ ची स्पर्धा २०२४ च्या जानेवारीत झाली, त्यात एकही गोल नाही. आणि आता २०२७ साठी हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेशच्या गटातून पात्र होता आलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ हरलो तिथंच ते दार बंद झालं.

एकदा परतलो म्हणजे तिथलेच झालो, असं होत नाही. खालून वर येणाऱ्या पोरांना नेमानं सामने मिळत नसतील तर एक पिढी परतते आणि तिच्यामागं कुणी नसतं. महिलांकडे हा धोका अधिक आहे. इंडियन विमेन्स लीग ही देशातली वरची स्पर्धा, २०२४-२५ ला तिच्यात आठ संघ होते. प्रत्येकानं दुसऱ्याशी दोनदा खेळायचं, म्हणजे मोसमात १४ सामने. ही देशातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूंची गोष्ट झाली. मग सातवीतल्या मुलीच्या वाट्याला काय येत असेल, याचा अंदाज करा.

तेही सांगते, कारण माझं रोजचं काम तेच आहे. नागपूरला फुटबॉल नवीन नाही. कामठीत तो घराघरात आहे, मोहननगरच्या मैदानावर बापाच्या जागी पोरगा आणि त्याच्या जागी नातू खेळतो. विजय बारसे सरांनी हिस्लॉप कॉलेजात असताना २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना एकत्र करून सुरू केलेलं काम इथलंच, त्यातून पुढं मुलींचेही संघ उभे राहिले. मुलांना जिल्ह्याच्या लीग आहेत, त्यामुळे वर्षभर काही ना काही चालू असतं. मुलींचं बव्हंशी शालेय स्पर्धांवर अडतं. आणि या स्पर्धा बाद पद्धतीच्या. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा घाईघाईनं संघ उभा करते, कबड्डीच्या दोघी, धावणाऱ्या तिघी, खऱ्या फुटबॉल खेळणाऱ्या चार. पहिल्याच सामन्यात हरलं की तिथून घरी. त्या मुलीचा वर्षाचा मोसम चाळीस-पन्नास मिनिटांत संपला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सराव, सराव आणि सराव. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं असा किती काळ उत्साह टिकवायचा?

याच वयात बाकीचंही एकदम अंगावर येतं. पाळी सुरू होते आणि बहुतेक मैदानांवर धड स्वच्छतागृह नसतं. कालपर्यंत बरोबर खेळणारी मुलं अचानक जोरानं वाढतात, धक्का लागला की ही पडते, मग ती पासही देईनाशी होतात. शेजारपाजारचे बोलू लागतात. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर मैदानात उभं राहवत नाही आणि हिवाळ्यात सहाला अंधार, म्हणजे शिकवणीच्या आणि सरावाच्या वेळा एकमेकींवर येतात. यातली एकेक अडचण सुटण्यासारखी आहे. सगळ्या मिळून आल्या की मुलगी गप्प होते आणि एक दिवस म्हणते, "मॅडम, उद्यापासून नाही येत."

म्हणून माझा सल्ला: तुम्ही आज अकादमीचा निर्णय घेऊ नका, करिअरचा तर नकोच नको. येत्या वर्षभरात तिला किती सामने मिळतात ते बघा. एक वही करा. तारीख, कुणाशी, किती मिनिटं खेळली, कुठल्या जागी खेळली, एवढंच. सरावाची नोंद नको. वर्षाकाठी तीसेक सामने झाले तर या वयाला उत्तम, असा माझा आडाखा आहे. पाच-पाचचे, सात-सातचे धरले तरी चालतील. लहान मैदानावर चेंडू जास्त वेळा पायाशी येतो, या वयात तेच हवं.

ते मिळवायचे कुठून? वस्तीतल्या मुलांबरोबरचा खेळ अजिबात थांबवू नका. लहान वयोगटाच्या बेबी लीगमध्ये मुलं-मुली एकत्र खेळू शकतात, ते वय हातातून निसटण्याआधी वापरून घ्या. मुलांत खेळलेल्या मुलीचा चेंडूवरचा पहिला स्पर्श झटपट होतो, कारण तिथं उसंत मिळत नाही. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक-दोनदा मुलींच्या गटात पाठवा, कारण पुढची निवड मुलींत होणार आहे आणि मैत्रिणी असल्या की सोळाव्या वर्षापर्यंत टिकायला बळ मिळतं. आम्ही काही गट मिळून रविवारी सकाळी मुली एकत्र आणतो. वीस-वीस मिनिटांचे सामने, हरलेल्यांनाही पुढचा सामना, कुणी बाद होत नाही. चषक नसतो, पण सकाळी दहाला घरी जाताना प्रत्येकीच्या पायात तीन सामने गेलेले असतात. तुमच्या भागात असं काही नसेल तर दोन-तीन पालकांनी मिळून सुरू करायला परवानगी आणि दोन चेंडू सोडून फार काही लागत नाही.

गुडघ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या बाबतीत नागपुरात फार हेळसांड होते. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याचं लिगामेंट फाटण्याचा धोका त्याच वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यात आपली मैदानं: पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून पाय जड करते, एप्रिलमध्ये तीच भेगाळते, आणि जिथं मुरूम टाकलाय तिथं जमीन सिमेंटसारखी टणक. आजच एक करून बघा. तिला घरातल्या पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. हळू करून पाहा. पाय टेकताना गुडघे एकमेकांकडे आत झुकत असतील, किंवा पाय ताठ ठेवून धपकन उतरत असेल, तर तिला उतरायला शिकवायला हवं: गुडघे बोटांच्या रेषेत, कंबरेतून थोडं बसत, आवाज न करता. फिफानं तयार केलेला "इलेव्हन प्लस" हा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप यासाठीच आहे, त्याला कसलंही साहित्य लागत नाही आणि मुलींमधल्या दुखापती त्यानं खरोखर कमी होतात. तुमचा प्रशिक्षक मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावून थेट खेळ सुरू करत असेल तर त्याला नम्रपणे विचारा. पंधराव्या वर्षी गुडघा गेला तर वर्षभर खेळ बंद होतो, आणि बऱ्याच घरांत तो कायमचा बंद होतो.

आता आईंचं म्हणणं. त्यांची काळजी रास्त आहे, फक्त "दहावीपर्यंत" ही रेघ मला पटत नाही. १७ वर्षांखालील भारतीय संघाची निवड होते ती नेमकी नववी-दहावी-अकरावीच्या वयात. दहावीला खेळ बंद करणं म्हणजे तिनं केलेल्या सगळ्या मेहनतीची परीक्षाच न देणं. अभ्यास बुडू नये हे मात्र मी स्वतः माझ्या मुलींच्या बाबतीत काटेकोरपणे पाहते, कारण भारताकडून खेळणाऱ्या वीस-पंचवीस जणी असतात आणि प्रयत्न करणाऱ्या हजारो. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना आपल्याकडे दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कुठली स्पर्धा धरतात, कुठली नाही, याचे नियम बदलत असतात. ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, शाळेच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. आमच्याकडे एक मुलगी अशाच तोंडी भरवशावर राहिली आणि शाळेनं प्रस्तावच वेळेत पाठवला नाही.

अकादमीचं मी कधी हो म्हणेन? मुलगी तेरा-चौदाची झाली, तुमच्या वहीत सामने भरपूर आहेत, आणि आता नागपुरात तिला तोडीस तोड कुणी मिळत नाही असं दोन वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी सांगितलं, तर. तेव्हाही तिथं जाऊन आधी गेल्या वर्षी मुलींच्या संघानं किती सामने खेळले ते विचारा. हिरवळ, जिम, जर्सी नंतर बघा. वसतिगृहात रात्री जबाबदार बाई कोण असते, शाळा कुठली, दुखापत झाली तर मुलीला कुणाकडे नेतात, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर मुलीला घेऊन परत या. सातवीत घर सोडून पाठवण्याच्या मात्र मी ठाम विरोधात आहे.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: वर दार उघडलंय, पण तिथवरची शिडी नागपुरात अजून मधल्या पायऱ्यांवर तुटकी आहे. ती चार वर्षं सामने, गुडघे आणि अभ्यास सांभाळून काढली तर निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती येऊ शकते.

त्या डोळ्यांसमोर यायची वाटही लक्षात घ्या, कारण पालक इथं गोंधळतात. शालेय स्पर्धांची एक वाट आहे: जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय. सुब्रतो कपमध्येही १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे. दुसरी वाट संघटनेची: नागपूर जिल्हा फुटबॉल संघटना, मग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची राज्य निवड, तिथून महाराष्ट्राच्या सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर संघातून राष्ट्रीय स्पर्धा. वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडक या नावानं होते. भारताच्या शिबिरासाठी मुली हेरल्या जातात त्या मुख्यतः या दुसऱ्या वाटेवर. शाळेत चमकणाऱ्या कितीतरी मुली संघटनेकडे नोंदणीच करत नाहीत आणि मग निवड चाचणी झाल्यावर त्यांना कळतं.

नोंदणीसाठी महानगरपालिकेचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का ते याच आठवड्यात तपासा. वयोगटांच्या स्पर्धांत वयाची तपासणी कडक असते, शंका आली तर मनगटाच्या हाडावरूनही वय बघतात. दाखल्यात एक महिन्याचा फरक असला तरी दुरुस्तीला वेळ लागतो आणि चाचण्यांच्या तारखा तुमच्यासाठी थांबत नाहीत.

आणि मार्च २०२६ चे ऑस्ट्रेलियातले सामने तिला जरूर दाखवा, परीक्षा असली तरी. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि तैपेई आहेत. जपान २०११ चं विश्वविजेतं आहे, तिथं निकाल जड जाऊ शकतो, मुलगी हिरमुसेल. तिला सांगा, त्या सामन्यात चेंडू बघू नकोस, जपानच्या मधल्या फळीतली एक खेळाडू निवड आणि पंधरा मिनिटं फक्त तिलाच बघ: चेंडू येण्याआधी ती मान किती वेळा वळवते, पाय कुठं ठेवून उभी राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीतल्या मुलांत तेच करून बघायला लावा. पुढं कुठं अडलात तर तिचं वय, शाळेचं माध्यम आणि तुमचा भाग एवढं लिहून विचारा, रविवारच्या सामन्यांची जागा आणि वेळ कळवीन.